मातीवरची अक्षरं (लेखांक ५) : एक खूण, अनेक वाचनं

गेल्या लेखांकात आपण अक्केडियन भाषेच्या तीन विभक्ती पाहिल्या. ‘शर्रुम’ म्हणजे राजा, ‘शर्रम’ म्हणजे राजाला, ‘शर्रिम’ म्हणजे राजाचा. एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन अशी तीन वचनं आहेत, हे ऐकून शाळेत संस्कृत घेतलेल्यांना दचकायचं कारण नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, हे तर मराठी माणसाला वेगळं शिकवावंच लागत नाही. अरबी आणि हिब्रू या अक्केडियनच्या बहिणी, पण जुन्या अरबीत आणि हिब्रूत क्रियापद बहुधा सुरुवातीला येतं. अक्केडियनने ते शेवटी नेलं ते सुमेरियन भाषेच्या शेजारामुळे, असं अभ्यासक मानतात. या शेजाराचा दुसरा, फार मोठा परिणाम लिपीवर झाला. आजचा लेख त्याबद्दल आहे.

कीलाकार लिपीचा फोटो पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, एवढे खिळे ओळखायचे तरी कसे? पण खिळे ओळखणं हा अवघड भाग नाहीच. लिपीत एकूण सहाएकशे खुणा नेहमीच्या वापरात होत्या हे खरं, पण इ. स. पू. १८०० च्या आसपासची बॅबिलोनियन पत्रं वाचायला त्यांतल्या सुमारे दीडशे पुरतात. रोज चार-पाच गिरवल्या तर त्या दीड महिन्यात डोळ्याखालून जातात. माणूस अडतो तो पुढे. ओळखीची खूण समोर येते आणि तिचा उच्चार मात्र कालच्यापेक्षा वेगळा निघतो. पुष्कळजण याच ठिकाणी वही मिटतात. म्हणून ही गोष्ट सावकाश समजून घेऊ.

एकच खूण घेऊ. सुरुवातीच्या काळात ती चांदणीसारखी काढली जाई, मधून आठ किरण फुटलेली. पुढे बोरूने ओल्या मातीत दाबून लिहायची पद्धत रुळली, तशी ती घटत घटत मोजक्या खिळ्यांपुरती राहिली. लिपी घडली ती दक्षिण इराकमधल्या उरुक शहरात, इ. स. पू. ३३०० च्या सुमारास, आणि तिच्यातून पुढे सुमेरियन भाषा लिहिली जाऊ लागली. सुमेरियनमध्ये आकाशाला ‘अन’ म्हणत आणि देवाला ‘दिंगिर’. दोन्हींसाठी ही एकच खूण. नंतर अक्केडियन बोलणाऱ्यांनी लिपी उचलली. त्यांच्या भाषेत देव म्हणजे ‘इलुम’ आणि आकाश म्हणजे ‘शमू’. त्यांनी चांदणीची खूण तशीच ठेवली आणि वाचताना आपले शब्द म्हणू लागले. शिवाय सुमेरियन ‘अन’वरून तिला ‘अन्’ हा नुसता ध्वनी मिळाला आणि ‘इलुम’वरून ‘इल्’ हाही ध्वनी मिळाला. त्यातच देवाच्या नावाआधी ही खूण मूकपणे ठेवायची प्रथा पडली. म्हणजे पुढे देवाचं नाव आहे एवढं डोळ्याला सांगायचं, तोंडाने उच्चारायचं काही नाही.

अर्थासाठी खूण एक आणि तोंडी शब्द वेगळा, हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. ७ हा आकडा मराठी माणूस ‘सात’ वाचतो, कन्नड माणूस ‘एळु’ वाचतो, आणि दोघांचं काही अडत नाही. कीलाकार लिपीत असे शब्द शेकड्यांनी आहेत. अभ्यासक त्यांना शब्दचिन्हं म्हणतात, आणि लिप्यंतर करताना ती वेगळ्या टंकात छापतात, म्हणजे शिकणाऱ्याला लगेच कळतं की इथे सुमेरियन शब्द लिहिलाय पण वाचायचा अक्केडियन.

आता बॅबिलोन शहराचं नाव पाहू. हम्मुराबीच्या कायद्यांच्या शिळेवर ते चार खुणांनी येतं. पहिली ‘का’, सुमेरियनमध्ये दरवाजा. दुसरी आपली चांदणी, इथे ‘दिंगिर’, म्हणजे देव. तिसरी ‘रा’, सुमेरियन षष्ठीचा प्रत्यय, दिंगिरच्या शेवटच्या ‘र’ला जोडून लिहिलेला. चौथी ‘की’, म्हणजे जमीन, ठिकाण. ‘की’चा इथे उच्चार होत नाही, आधी आलेलं नाव गावाचं आहे एवढंच ती सांगते. सुमेरियनमध्ये सगळं मिळून ‘देवाचा दरवाजा’. आणि बॅबिलोनचा लेखनिक हे चार तुकडे पाहून म्हणायचा : ‘बाबिलिम’. कागदावर एक भाषा, तोंडात दुसरी. ग्रीकांनी त्याच नावाचं ‘बॅबिलोन’ केलं.

या चार खुणांमध्ये लिपीचं अर्धं गणित आलं. दुसरं अर्धं आहे ध्वनींचं.

त्याच शिळेवर बहुतेक कलमांची सुरुवात ‘शुम्मा अवीलुम’ अशी होते : ‘जर एखाद्या माणसाने’. ही शिळा १९०१-०२ च्या हिवाळ्यात इराणमधल्या सूसा इथे फ्रेंच उत्खननात सापडली आणि आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. या दोन शब्दांच्या पाच खुणा आहेत : शुम्-मा-अ-वि-लुम्. एकही शब्दचिन्ह नाही, सगळे नुसते ध्वनी. पण एकेका खुणेचं पूर्वायुष्य बघा. ‘अ’ची खूण म्हणजे सुमेरियनमध्ये पाणी. ‘वि’ची खूण ‘वा’ आणि ‘वु’ही वाचली जाते, ‘पि’ही वाचली जाते, आणि शब्दचिन्ह म्हणून आली तर तिचा अर्थ कान. ‘लुम्’ची खूण ‘हुम्’ही असू शकते. तरीही सरावलेला वाचक इथे क्षणभरही थांबत नाही. तो का थांबत नाही, हे कळलं की भीती जाते.

पहिलं कारण : स्वर एकमेकांना धरून चालतात. या लिपीत निव्वळ व्यंजन लिहायची सोय नाही. आपण ‘म’चा पाय मोडून ‘म्’ लिहितो, तसं तिथे करता येत नाही. खूण असते ती ‘मा’, ‘मु’, ‘अम्’, ‘उम्’ किंवा ‘लुम्’ अशी. ‘शर्रुम’ लिहायचं तर ‘शर्-रु-उम्’ असं तोडतात. ‘रु’नंतर येणारी खूण ‘उम्’ असणार हे स्वरच सांगतो. मागची-पुढची खूण जुळवून पाहिली की दहातली आठ वाचनं आपोआप गळतात.

दुसरं कारण : मूक खुणा. देवाआधी चांदणी, लाकडी वस्तूआधी लाकडाची खूण, पुरुषाच्या नावाआधी एक उभा खिळा, गावाच्या नावानंतर ‘की’. वाचनाला त्यांचा फार आधार असतो. पुष्कळदा शब्दचिन्हाला मागून एखादा ध्वनी जोडलेला असतो. राजाचं शब्दचिन्ह ‘लुगल’ आणि त्यामागे ‘रि’ दिसली की तिथे ‘शर्रि’ वाचायचं आणि विभक्ती षष्ठी, हे एका दमात ठरतं.

तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं, आणि माझं या बाबतीत ठाम मत आहे : भाषा येत असल्याशिवाय ही लिपी वाचता येत नाही. ‘अग्’, ‘अक्’ आणि घशातून काढायचा ‘अक्’ या तिन्हींना एकच खूण आहे. कुठला ध्वनी हवा हे खूण सांगत नाही, शब्द सांगतो. म्हणून आधी सगळ्या खुणा पाठ करू, मग व्याकरणाकडे वळू, असा बेत करणारे अर्ध्यावर गळतात. उलट नुसतं लिप्यंतर वाचून व्याकरण पुरं करणारे नंतर पाटीसमोर बसले की हतबल होतात. धडा व्याकरणाचा आणि त्याच धड्यातले शब्द खुणांनी लिहून काढायचे, असं दोन्ही एकत्र चालावं.

प्राचीन मुलंही असंच शिकत. इराकमधल्या निप्पूरला इ. स. पू. अठराव्या शतकातल्या शाळेच्या पाट्या ढिगाने मिळाल्या आहेत. नुसते उभे-आडवे खिळे दाबायचा सराव आधी, मग ‘तु-ता-ति, नु-ना-नि, बु-बा-बि’ अशी घोकणी, मग नावांच्या याद्या, मग शब्दांच्या याद्या. मराठी वाचकाला यात आपली बाराखडी ऐकू येईल, पण एक फरक लक्षात ठेवायचा. आपल्याकडे ‘ब’ला काना, वेलांटी, उकार लागतो आणि मूळ अक्षर ओळखू येतं. तिथे ‘बा’, ‘बि’, ‘बु’ या तीन खुणांचे चेहरे एकमेकींशी मुळीच जुळत नाहीत. तीन वेगळी चित्रं, तीन वेगळ्या शब्दांतून आलेली. काही पाट्या गोल, तळहातात मावणाऱ्या आहेत : वरच्या ओळींत गुरुजींचं वळणदार अक्षर, खाली विद्यार्थ्याची नक्कल. ती नक्कल कुठे वाकडी गेली, कुठे खिळा जास्त खोल रुतला, हे चार हजार वर्षं होत आली तरी दिसतं.

एका खुणेला अनेक वाचनं, हे एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या विद्वानांनाही पटत नव्हतं. अशी लिपी असेल तर वाचणारा हवा तो अर्थ काढू शकेल, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. उलगडा करणाऱ्यांत दोन नावं मोठी. एक आयर्लंडमधले पाद्री एडवर्ड हिंक्स. दुसरा हेन्री रॉलिन्सन, १८२७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातल्या लष्करात दाखल झालेला, हिंदुस्थानात असतानाच फारसी शिकलेला आणि पुढे इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर चढून दारयवहू राजाचा त्रैभाषिक लेख उतरवून घेणारा. अनेक वाचनांचं तत्त्व मान्य केल्याशिवाय लेखाचा अर्थच लागत नाही, हे दोघांनाही कळून चुकलं होतं. पण जगाला कसं पटवायचं?

१८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्याची परीक्षाच घेतली. असिरियाचा राजा पहिला तिग्लथ-पिलेसर याचा, इ. स. पू. ११०० च्या सुमाराचा एक लांबलचक लेख होता. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेले विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट यांनी त्याचं भाषांतर मोहोरबंद लिफाफ्यात सोसायटीकडे पाठवलं आणि सुचवलं की इतरांकडूनही स्वतंत्रपणे करून घ्या. मग रॉलिन्सन, हिंक्स आणि जुलियस ओपेर यांनी एकमेकांचं न पाहता तोच लेख भाषांतरित केला. समितीने चारही लिफाफे उघडले. तपशिलात फरक होते, पण राजाच्या मोहिमा, शिकारी, देवळांची बांधकामं हा सारा मजकूर जुळला. रॉलिन्सन आणि हिंक्स यांची भाषांतरं तर एकमेकांच्या फारच जवळ होती. चौघेजण मनाने अर्थ रचत असते तर ते एकाच गोष्टीवर आले नसते. अनेक वाचनांचा नियम खरा आहे हे त्या दिवशी सिद्ध झालं. शिवाय निनवेह इथल्या असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातून ज्या पाट्या निघाल्या, त्यांत चक्क खुणांचे कोशच होते : मध्ये खूण, बाजूला तिचा सुमेरियन उच्चार, दुसऱ्या बाजूला अक्केडियन अर्थ. म्हणजे हा गोंधळ त्या लेखनिकांनाही ठाऊक होता आणि त्यांनी त्याची नीट व्यवस्था लावून ठेवली होती.

आता प्रत्यक्ष सरावाचं. शाडूची माती घ्या, हातात मावेल एवढी पाटी थापा आणि चौकोनी टोकाची लाकडी काडी घ्या. रेघ ओढायची नाही. काडीचा कोपरा तिरका धरून मातीत दाबायचा आणि उचलायचा. डोकं रुंद आणि शेपूट निमुळतं असा खिळा उमटतो. कागदावर पेनने गिरवलेल्या खुणा चटकन विसरतात, हाताने दाबलेल्या राहतात. पाटी वाळल्यावर दिवा वरच्या डाव्या बाजूने तिरपा धरून वाचा, सावलीशिवाय खिळे दिसत नाहीत. संग्रहालयांचे फोटोही असाच उजेड ठेवून काढलेले असतात. मागची बाजू पाहायची तर पुस्तकाचं पान उलटतो तशी उलटू नका. खालची कड वर आणून उलटा. ओळी तशाच लिहिलेल्या असतात.

आणि वाचायला सुरुवात पत्रांपासून करा. उर शहरात सापडलेलं, आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेलं नान्नीचं पत्र अनेकांनी ऐकलं असेल. हलक्या प्रतीचं तांबं दिल्याबद्दल त्याने एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला फैलावर घेतलंय. काळ इ. स. पू. १७५० च्या आसपासचा. त्या काळातल्या बहुतेक पत्रांची सुरुवात ठरलेली असते : ‘अना’ अमुक ‘किबीमा’, म्हणजे अमुकला सांग, ‘उम्मा’ तमुक-मा, म्हणजे तमुक असं म्हणतो. पत्र वाचून दाखवणाऱ्याला दिलेली ही आज्ञा. यातल्या ‘किबीमा’ची पहिली खूण ओळखीची आहे : बॅबिलोनच्या नावाशेवटी मूक बसलेली तीच ‘की’, इथे ठणठणीत उच्चाराची. ‘नान्नी’ हे नाव ‘ना-अन्-नी’ असं लिहिलंय, आणि मधला ‘अन्’ म्हणजे आपली चांदणी. देवाचा किंवा आकाशाचा इथे काही संबंध नाही, ती फक्त आवाज देते. बॅबिलोनमध्ये देव आणि गाव झालेल्या दोन खुणा या पत्राच्या पहिल्या ओळींत साधी अक्षरं होतात.

साधनांची चणचण नाही. शिकागो विद्यापीठाने १९२१ मध्ये हाती घेतलेला अक्केडियन कोश २०११ मध्ये पुरा झाला आणि त्याचे सगळे खंड इंटरनेटवर फुकट उतरवून घेता येतात. जॉन हुएनरगार्ड यांचं व्याकरण अमेरिकेतल्या वर्गांत वापरलं जातं, आणि त्यात खुणा धड्यागणिक येतात, म्हणून मी तेच सुचवेन. तीन लाखांहून अधिक पाट्यांची नोंद असलेली सूचीही कोणालाही खुली आहे. एकट्या ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे १,३०,००० पाट्या आणि तुकडे आहेत, आणि जगभरच्या संग्रहांतला मोठा भाग अजून कोणी नीट वाचून छापलेला नाही. माणसं कमी पडतायत. दुसरी भाषा, तिसरी लिपी लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींनी यात यावं, असं मला मनापासून वाटतं.

या आठवड्याचा अभ्यास : चांदणी, ‘की’, ‘अ’, ‘ना’ आणि ‘मा’ या पाच खुणा मातीत प्रत्येकी वीस वेळा दाबा, आणि ‘अना’ न बघता लिहिता येतं का पाहा. पुढच्या लेखांकात नान्नीचं पत्र ओळीओळीने वाचू.