सल्ला देणाऱ्याचा अधिकार

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने चिठ्ठी दिली: ‘मोबाईलवर औषधाचा, पैशाचा सल्ला देणाऱ्यांना पदवीची सक्ती असावी का?’ प्रश्न दिसतो सोपा, पण तसा तो नाही.

सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारे एक गृहस्थ आहेत. व्हिडिओ बघून त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली आणि पुढे दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. मी विचारलं, ‘सांगणारा डॉक्टर होता का हो?’ म्हणाले, ‘ते कुठं बघितलं? बोलत मात्र छान होता.’

हे ‘छान बोलणं’ प्लेटोने ‘गॉर्जियस’ या संवादात नेमकं पकडलंय. गॉर्जियस हा नामवंत वक्ता. त्याचा भाऊ वैद्य. भावाचं न ऐकणारे रोगी माझं ऐकतात, असं तो अभिमानाने सांगतो. सॉक्रेटिसचं म्हणणं असं, की हा प्रभाव चालतो तो अजाण लोकांपुढेच. पुढे तो म्हणतो, लहान मुलांना पंच नेमून वैद्य आणि आचारी उभे केले, तर वैद्य उपाशीच मरेल! आपल्या हातातल्या पडद्यावर रोज हीच पंचायत भरते.

मग सक्ती करावी? चीनने २०२२ मध्ये थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी नियम केले. वैद्यक, अर्थ, कायदा, शिक्षण अशा विषयांवर बोलायचं तर पात्रता हवी. आपल्याकडे पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. ते नियम २०१३ चे. पळवाट निघाली, ‘आम्ही सल्ला देत नाही, शिकवतो.’ म्हणून जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने अट घातली, की नुसतं शिकवणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरू नयेत. शिकवायला जुने भाव पुरतात. ताजे भाव लागतात ते टिप द्यायला.

आता आपल्या न्यायदर्शनाकडे येऊ. तिथे विश्वसनीय माणसाचा शब्द हे प्रमाण मानलंय. असा माणूस म्हणजे ‘आप्त’. वात्स्यायन त्याच्यात दोन गोष्टी मागतो: त्याला विषय प्रत्यक्ष ठाऊक हवा, आणि जसा ठाऊक आहे तसाच सांगायची इच्छा हवी. बरं, हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच, असंही तो बजावतो. म्हणजे अधिकार जन्माने येत नाही.

पदवी यातली पहिली गोष्ट थोडीफार तपासते. दुसरी नाही तपासत. पदवीधरही कमिशन घेऊन पावडरी विकू शकतो. मग पदवीचा उपयोग काय? माझ्या मते मोठा उपयोग ज्ञानापेक्षा जबाबदारीचा आहे. नोंदणीकृत डॉक्टर चुकला तर वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. व्हिडिओवाल्याला कुठे गाठणार?

म्हणून सक्ती असावी, पण ती बोलण्यावर नको, सल्ल्यावर हवी. ‘मला मधुमेह आहे, माझे दिवस असे जातात,’ हा अनुभव झाला. त्याला कसली पदवी? ‘सरकारचं आरोग्य धोरण चुकलं,’ हे मत. ते कुणीही मांडावं. त्यावर पात्रतेची अट आली, तर टीकाकारांची तोंडं बंद करायचं साधन सत्तेच्या हाती जाईल. पण ‘तुम्ही इन्सुलिन सोडा’ हा सल्ला झाला. तो चुकला तर भोगतो ऐकणारा. तिथे सांगणाऱ्याचं नाव, पात्रता आणि कुणाकडून पैसे घेतले, हे उघड असलंच पाहिजे.

आणि नियम येईपर्यंत? छान बोलणाऱ्याला मनात एवढंच विचारा: बाबा रे, तू चुकलास तर तुला जाब कोण विचारणार?