चैत्रगौरीचे माहेरपण

फाल्गुनातील होळी विझते न विझते तोच घराघरांतून कामांची रीघ लागते. एकीकडे मुलांच्या वार्षिक परीक्षा, दुसरीकडे मार्चअखेरचे हिशेब, आणि स्वयंपाकघरात वर्षाच्या बेगमीचा पसारा. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज त्यांचे पाणी बदलावयाचे, वाटून चीक काढावयाचा आणि ऊन चढण्यापूर्वी तो शिजवून कुरडया घालावयाच्या. पापड लाटणे, सांडगे घालणे, मिरच्या वाळवून तिखट करणे, डाळी भरून ठेवणे ही कामेही याच दिवसांतली. गावाकडे गहू-हरभऱ्याची सुगी आटोपत आलेली असते आणि विहिरींचे पाणी तळाकडे जाऊ लागलेले असते. अशा धांदलीत, जेव्हा गृहिणीला क्षणाची उसंत नसते, नेमकी तेव्हाच आपल्या पूर्वजांनी एक पाहुणी महिनाभरासाठी घरी बोलावून ठेवली आहे. ती पाहुणी म्हणजे चैत्रगौर.

चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभी राहते. वेळूच्या टोकाला रेशमी वस्त्र, कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पाने, फुलांची माळ, साखरेची गाठी आणि त्यावर उपडा घातलेला कलश. एकाच काठीवर कडू आणि गोड शेजारी शेजारी बांधून नव्या संवत्सराचे स्वागत करावयाचे, ही आपली रीत. कडुनिंबाची कोवळी पाने ओवा, मीठ, हिंग, चिंच आणि गूळ घालून वाटावयाची आणि घरातील लहानथोरांनी ती चाखावयाची. मुले तोंडे वाकडी करतात, आजोबा मात्र एखादे औषध घ्यावे तशा गांभीर्याने ती गोळी गिळतात, आणि मुलांचे सारे लक्ष गाठीकडे लागलेले असते. वर्षाचा पहिला हशा बहुतेक घरांत या कडू गोळीवरच पिकतो.

त्यानंतर दोनच दिवसांनी, चैत्र शुद्ध तृतीयेला, गौर येते. देव्हाऱ्यातील अन्नपूर्णेला स्नान घालून लहानशा पितळी पाळण्यात बसवितात आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिला झोके देतात. तिच्यासाठी अंगणात चैत्रांगण रेखाटले जाते. सूर्य आणि चंद्र, शंख आणि चक्र, कासव आणि नाग, तुळशीवृंदावन, गोपद्मे, गौरीची पावले, आणि त्यांच्याच शेजारी फणी-करंडा. विश्वाची चिन्हे आणि स्त्रीच्या नित्य वापरातील वस्तू एकाच रांगोळीत मानाने बसविणारी ही चित्रलिपी आज सदनिकेच्या दाराशी दोन फरश्यांवर उतरली आहे. जागा आकसली, तरी नातीच्या चिमटीतून रांगोळी सुटताना आजी तिचा हात धरते, ते दृश्य पूर्वीचेच आहे.

या गौरीचा पाहुणचारही किती साधा! हरभऱ्याची डाळ भिजवून वाटावी, तीत कैरीचा कीस, हिरवी मिरची, मीठ आणि चवीपुरती साखर घालून वरून मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी. ही झाली आंबेडाळ. कैरी उकडून तिचा गर गुळात कालवावा, वेलदोडा घालून माठातील पाण्यात सारखा करावा. हे झाले पन्हे. सोयीचा एखादा दिवस पाहून आळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवावे, हाताला अत्तर किंवा चंदनाची उटी लावावी, गुलाबपाणी शिंपडावे, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरावी. यांत महागडे असे काही नाही. त्या त्या दिवसांत शेतात आणि झाडावर जे असते तेच देवीपुढे येते. म्हणूनच हा उत्सव श्रीमंताच्या वाड्यात जसा शोभला, तसाच चाळीतल्या दोन खोल्यांतही शोभला.

याच महिन्यात रामनवमी येते. माध्यान्ही पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. पौर्णिमेला सूर्योदयी हनुमानजन्म होतो. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. १९५५ साली रामनवमीच्याच दिवशी, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले आणि वर्षभरात त्याची ५६ गीते प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचा स्वर ऐकण्यासाठी घरातील सारी माणसे हातातील काम ठेवून एकत्र बसत. सणाचा खरा लाभ तो हाच. कामे तर सरत नाहीतच; पण त्यांच्या मधोमध बसण्यासाठी एक पाट मांडला जातो.

मात्र या पाटावर बसते कोण, हा प्रश्न भाविक घरांनी स्वतःला विचारावा असा आहे. गौर माहेरपणाला येते. महिनाभर तिने काहीही करावयाचे नाही, केवळ झोके घ्यावयाचे. परंतु तिला झोका देणाऱ्या गृहलक्ष्मीची पाठ त्या महिन्यात जमिनीला लागत नाही. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी पंचवीस-तीस बायकांची डाळ वाटणारी सून आज घरोघर आहे. देवीच्या विश्रांतीचा उत्सव जर घरच्या लेकी-सुनांना अधिकच थकवीत असेल, तर त्यातील मर्म आपल्या हातून निसटले असे म्हणावे लागेल. कैरी किसणे हे काही केवळ बायकांचे व्रत नव्हे. घरच्या पुरुषांनी पन्हे करावे, मुलांनी पेले भरावेत, आणि घरच्या गृहिणीने जमलेल्या मैत्रिणींत निवांत बसावे. त्या सेवेने गौर प्रसन्नच होईल.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी ज्या घरात माणसांची वर्दळ असते, त्याच घरात एखादी काकू, आत्या वा आजी आतल्या खोलीत बसून राहते. डाळ तिनेच भिजविलेली असते, आरास कशी मांडावी हे तिनेच सांगितलेले असते. परंतु पती निवर्तल्यामुळे ती बाहेर येत नाही. कोणी तिला येऊ नको म्हणत नाही, आणि ये असेही म्हणत नाही. वास्तविक चैत्रगौर आपण कोणत्या नात्याने आणतो? तिला घरची लेक म्हणून आणतो. माहेरपण हा जन्माने मिळालेला अधिकार आहे. तो विवाहाने येत नाही आणि वैधव्याने जात नाही. लेकीच्या कपाळीचे कुंकू पाहून दार उघडणारे माहेर कोणी पाहिले आहे काय?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने, पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव ग्रामपंचायतीत होतात. त्यांचे आचरण मात्र स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर व्हावे लागते. अनेक घरांनी ते गाजावाजा न करता आरंभिलेही आहे. गौरीपुढची पहिली ओटी घरातील ज्येष्ठ स्त्रीची भरावी, मग ती सवाष्ण असो वा नसो. एवढ्याने धर्म उणावत नाही, उलट जगन्मातेच्या घरी कोणतीही लेक परकी उरत नाही.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी त्या सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि देवीला मिळणारे सुख त्या दिवशी लेकींनाही मिळते. गौरीचा झोका आणि लेकीचा झोका एकच, हे त्या भागाने अचूक ओळखले आहे. त्याच तिथीला पितरांच्या स्मरणार्थ पाण्याने भरलेला कुंभ दान करतात, कारण वैशाखाच्या उन्हात पाण्याएवढे मोठे दान नाही.

अशा रीतीने महिनाभर राहून गौर निघते. पाळणा पुसून पेटीत जातो, कुरडयांचे डबे फळीवर चढतात, परीक्षा संपलेली मुले आंब्याच्या अढीभोवती घिरट्या घालू लागतात. ज्या घरी या महिन्यात प्रत्येकीला घडीभर बसावयास मिळाले, आणि कोणीही आतल्या खोलीत राहिली नाही, त्या घरून गौर तृप्त होऊन जाईल. आणि पुढील चैत्रात तेथे यावयास ती आमंत्रणाची वाट पाहणार नाही.