मल्लय्याच्या शोधात

परीकथेतल्या मुलांची वाट नेहमी डोंगरातूनच का जाते, सांगा पाहू? काळ्याकुट्ट गुहा, दरीतून येणारे आवाज, वळणावर दबा धरून बसलेला राक्षस... हे नसेल तर गोष्ट ऐकणार कोण! सोलापूरचा मुलूख मात्र सपाट. घाट बघायचा तर तुळजापूरची वाट धरावी लागते. तरीही या गावाची सर्वांत लाडकी गोष्ट डोंगरात गेलेल्या एका मुलाचीच आहे.

कथा बाराव्या शतकातली. तेव्हा सोलापूरला सोन्नलगी म्हणत. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांचा मुलगा सिद्धराम गुरं राखायचा. एके दिवशी शेतात एक जंगम आला. नाव मल्लय्या, गाव श्रीशैल. सिद्धरामाने त्याला हुरडा दिला. तो खाऊन जंगमाच्या पोटात आग पडली, त्याने दहीभात मागितला. पोर घरी धावलं, दहीभात घेऊन आलं, आणि पाहतं तो काय? मल्लय्या गायब!

सिद्धराम रडत रडत शोधायला निघाला. श्रीशैलला जाणारे यात्रेकरू भेटले, त्यांच्याबरोबर चालू लागला. नकाशात सरळ रेघ मारून मोजलं, तरी हे अंतर साडेतीनशे किलोमीटरहून जास्त भरतं. आणि शेवटी नल्लमलाचे डोंगर! तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळा. देशातल्या सर्वांत मोठ्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आज तिथेच आहे. वाघ, बिबटे, अस्वलं, अजगर, आणि खोल दरीतून वाहणारी कृष्णा. रात्री झाडीत दोन डोळे चमकले, तर राक्षसच वाटणार की! राक्षसांच्या कितीतरी गोष्टी अशाच भीतीतून जन्मल्या असतील.

पण सिद्धरामाची खरी परीक्षा पुढेच होती. यात्रेकरूंनी देवळातलं दगडी लिंग दाखवलं. म्हणे, हाच मल्लय्या! पोराला पटेना. त्याला हवा होता दहीभात मागणारा मल्लय्या. हाका मारत तो रानात धावत सुटला, तो थेट कड्याच्या टोकापर्यंत. खाली दरी! तेवढ्यात मल्लय्याने त्याचा हात धरला, असं कथा सांगते.

मल्लय्याने त्याला माघारी धाडलं. आता तुझ्या गावचंच श्रीशैल कर, म्हणाला. सिद्धराम परतला. मोठेपणी त्याने लोकांना सोबत घेऊन तलाव खोदला. पाऊस बेताचाच पडणाऱ्या या भागात पाणी म्हणजे केवढी दौलत! पुढे राघवांक या कन्नड कवीने त्याचं चरित्र काव्यात लिहिलं.

राक्षसाला मारून खजिना आणणारे राजपुत्र पुष्कळ असतात. हा गुराखी मात्र गावासाठी काम घेऊन परतला. आजही संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घातलेले भक्त सात उंच नंदीध्वज पेलत ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात. यात्रेला गेलात, तर घटकाभर तलावाच्या काठी उभे राहा. आणि हो, तुमच्या गावची अशी कोणती गोष्ट आहे, हे आजीला आजच विचारा बरं का!