मेट्रोला इंजिन का नसते?

परभणी स्थानकातून देवगिरी एक्स्प्रेस सुटताना पाहा. पुढचे इंजिन जोर लावते, पण गाडी सावकाशच वेग घेते. मुंबईची लोकल किंवा मेट्रो मात्र सुटताच वेग पकडते, आणि तिला तर वेगळे इंजिनच नसते! असे का?

चाक रुळाला रेटते ते घर्षणाच्या बळावर. पोलादी चाक व पोलादी रूळ यांच्यातील घर्षणांक रूळ कोरडा असताना फार तर ०.३ धरता येतो. म्हणजे १२० टनांचे इंजिन सुमारे ३६ टन वजनाइतकाच जोर लावू शकते. मोटर याहून शक्तिमान बसवली, तर चाके जागीच घसरतील. इंजिनासह गाडी १,४०० टनांची धरली, तर तिचा वेग दर सेकंदाला जेमतेम ०.२५ मीटर प्रति सेकंद वाढेल.

आता ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, हा वेग गाठायचा आहे. त्याला ८० सेकंद आणि ८०० मीटर अंतर लागेल. आगगाडीला हे चालते, कारण तिचे पुढचे स्थानक दूर असते. पण २०१४ साली सुरू झालेल्या वर्सोवा–घाटकोपर मेट्रोच्या ११.४ किलोमीटरांत १२ स्थानके आहेत. दोन स्थानकांत सरासरी एक किलोमीटर! वेग येतो न येतो तोच ब्रेक लावावा लागेल.

यावर उपाय म्हणजे मोटरी अनेक डब्यांखाली वाटून द्यायच्या. मग त्या डब्यांचे व प्रवाशांचे वजनही पकड वाढवते. इंजिनाला जे ओझे, तेच येथे कामी येते! वेग दर सेकंदाला ०.८ मीटर प्रति सेकंद वाढला, तर २५ सेकंदांत व २५० मीटरांतच काम होते. एका किलोमीटरमागे सुमारे २७ सेकंद वाचतात. ११ टप्प्यांत पाच मिनिटे. शिवाय मागची गाडीही लवकर सोडता येते.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला धावलेली भारतातील पहिली विजेची गाडी अशीच, डब्याखाली मोटरी असलेली होती. कोलकाता (१९८४), दिल्ली (२००२), नागपूर (२०१९) आणि पुणे (२०२२) येथील मेट्रोंतही हेच तत्त्व आहे.

तुम्हीही मोजून पाहा. फलाटावर, रुळांपासून दूर, इंजिनाच्या मागच्या टोकासमोर उभे राहा. गाडी हलल्यापासून शेवटचा डबा पुढे जाईपर्यंतचे सेकंद मोजा. लाल एलएचबी डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. डबे मोजून अंतर काढा. अंतराच्या दुपटीला सेकंदांच्या वर्गाने भागा. तुमच्या गाडीचे त्वरण किती आले?