गंभीर दुखापतीनंतर नर्तकाचे पुनर्वसन : सुधा चंद्रन यांचे उदाहरण आणि औद्योगिक पट्ट्यातील संदर्भ

प्रास्ताविक

ज्या व्यवसायात देह हेच उपजीविकेचे साधन असते, त्या व्यवसायात गंभीर दुखापत ही केवळ वैद्यकीय घटना राहत नाही. ती व्यक्तीच्या चरितार्थाला आणि ओळखीलाही धक्का देते. भोसरी, चाकण, राजगुरुनगर व मंचर या मार्गाने नारायणगावकडे जाणाऱ्या पुणे-नाशिक महामार्गावर अशा देहश्रमाची दोन रूपे आढळतात. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत यंत्रासमोर उभा राहणारा कामगार हे एक रूप होय; तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगावच्या फडांतून नाचणारी कलावंत हे दुसरे. दुखापतीनंतर या दोघांच्या वाट्याला येणारी व्यवस्था मात्र सारखी नाही. पुनर्वसन म्हणजे नेमके काय आणि ते कशाच्या आधारावर घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात मुंबईत वाढलेल्या भरतनाट्यम् नर्तकी सुधा चंद्रन यांच्या उदाहरणावरून केला आहे.

घटनाक्रम

मे १९८१ मध्ये तमिळनाडूत प्रवास करीत असताना बसला झालेल्या अपघातात सुधा चंद्रन यांच्या पायांना इजा झाली. त्या वेळी त्या किशोरवयीन होत्या व नृत्याचे शिक्षण घेतलेल्या होत्या. स्थानिक उपचारांनंतर त्यांना मद्रास येथे हलविण्यात आले. परंतु उजव्या पायात कोथ निर्माण झाल्याचे आढळल्याने तो पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कोथ म्हणजे रक्तपुरवठा खंडित झाल्याने अथवा जंतुसंसर्गाने ऊतींचा होणारा मृत्यू. तो वर पसरू लागल्यास प्राण वाचविण्यासाठी अवयवच्छेदन हाच उपाय उरतो. पुढे जयपूर येथे त्यांना कृत्रिम पाय बसविण्यात आला. दीर्घ सरावानंतर जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी मुंबईत पुन्हा रंगमंचावर नृत्य सादर केले. त्यांच्या जीवनावर १९८५ मध्ये ‘मयूरी’ हा तेलुगू चित्रपट निघाला व त्यातील भूमिका त्यांनी स्वतःच केली. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये ‘नाचे मयूरी’ या नावाने त्याची हिंदी आवृत्ती प्रदर्शित झाली.

ही कथा बहुधा जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच, तथापि केवळ जिद्दीने तिचे स्पष्टीकरण पूर्ण होत नाही.

नृत्य पायाकडून काय मागते

भरतनाट्यम् मधील बहुतेक अडवू अरमंडी या स्थितीत केले जातात. या स्थितीत गुडघे बाहेरच्या बाजूस वळवून अर्धे बसावे लागते. तट्ट अडवूत संपूर्ण तळवा जमिनीवर आपटला जातो, तर नाट्ट अडवूत पाय पुढे वा बाजूला पसरून टाच टेकविली जाते. काही अडवूंत चवड्यांवर उडी घेऊन टाचा खाली आणाव्या लागतात. या सर्व क्रियांत घोटा दोन कामे करतो. पोटरीच्या स्नायूंच्या साहाय्याने तो आघात झेलतो आणि जमिनीचा स्पर्श, उतार व दाब यांची वार्ता मेंदूकडे पोहोचवितो.

गुडघ्याखालील अवयवच्छेदनात ही दोन्ही कामे नष्ट होतात. गुडघा मात्र स्वतःचा राहतो, आणि अरमंडीच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरते. गुडघा गेला असता तर तेच नृत्य कितीतरी अधिक दुष्कर झाले असते.

जमिनीवरच्या जीवनासाठी घडविलेले पाऊल

ज्या कृत्रिम पायामुळे हे पुनरागमन शक्य झाले, त्याची निर्मिती येथे महत्त्वाची आहे. त्या काळी प्रचलित असलेले पाश्चात्त्य धर्तीचे पाऊल घोट्यात ताठ असे आणि ते बुटासह वापरण्यासाठी बनविलेले होते. खुर्चीवर बसणाऱ्या समाजाला ते पुरेसे होते. परंतु उकिडवे बसणाऱ्या, मांडी घालणाऱ्या आणि शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसाला ते निरुपयोगी ठरत असे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर व लाकूड वापरून लवचीक पाऊल तयार केले. ते घोट्याजवळ वाकते, थोडे आडवेही वळते आणि पादत्राणाशिवाय वापरता येते. १९७५ मध्ये जयपूर येथे स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे ‘जयपूर फूट’ सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविले. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला.

हा पाय नर्तकांसाठी बनविलेला नव्हता. तो जमिनीशी जवळीक ठेवून जगणाऱ्या माणसासाठी होता आणि भारतीय शास्त्रीय नृत्य हेही अनवाणी पायांनी, जमिनीच्या जवळ राहून केले जाते. साधन आणि काम यांचा हा मेळ जुळला नसता, तर जिद्दीला वाट सापडणे कठीण होते.

बरे होणे आणि पुन्हा शिकणे

अवयवच्छेदनानंतरचे पुनर्वसन टप्प्याटप्प्याने होते. प्रथम जखम भरून यावी लागते. त्यानंतर पायाच्या उरलेल्या भागाला पट्ट्या बांधून आकार देणे, गुडघा आखडू नये म्हणून व्यायाम करणे, कृत्रिम पायाच्या खोबणीची मापे घेणे आणि तोल सांभाळून चालणे असा क्रम असतो. उरलेल्या भागाचा आकार अनेक महिने बदलत राहतो. त्यामुळे खोबणही पुन्हा पुन्हा जुळवावी लागते. नसलेल्या पायात वेदना जाणवणे हाही अनेकांचा अनुभव असतो.

नर्तकासाठी याच्याही पुढचा टप्पा उरतो. पूर्वी तळव्याला कळणारी जमीन आता खोबणीतील त्वचेवरच्या दाबावरून ओळखावी लागते. प्रत्येक आघाताचा भार त्याच त्वचेवर येतो. म्हणून घाम, घर्षण व रक्तस्राव ही सरावातील नित्याची संकटे ठरतात. अशा स्थितीत नर्तक पूर्वीचे नृत्य जसेच्या तसे परत मिळवीत नाही. तो तेच नृत्य वेगळ्या देहाने नव्याने शिकतो.

शिवाय ही प्रक्रिया कायमची संपत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधा चंद्रन यांनी विमानतळावरील तपासणीत कृत्रिम पाय प्रत्येक वेळी काढावा लागत असल्याची व्यथा जाहीरपणे मांडली व केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. रंगमंचावरील यशानंतर सुमारे ३७ वर्षांनीही त्यांना अशा अडचणीस तोंड द्यावे लागत होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

कामगार आणि कलावंत

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अवयवहानी टक्केवारीत मांडली. उदाहरणार्थ, अंगठा गमावल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के हानी धरली गेली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता (१९७६) या खटल्यात एक वेगळा विचार पुढे आणला. डावा हात कोपराच्या वर गमावलेला सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्ण मानण्यात आले. हानीचे माप अवयवावरून नव्हे, तर कामावरून ठरावे, हे त्यातील सूत्र होय. याच सूत्राने पाहिल्यास नर्तकीचा पाय हा तिचा संपूर्ण व्यवसाय असतो.

राज्य कामगार विमा योजनेखालील कामगाराला रोजगारातील दुखापतीमुळे तात्पुरते अपंगत्व आल्यास सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. कंत्राटी कामगारांपर्यंत ही तरतूद कितपत पोहोचते, हा प्रश्न उरतोच. तरी हक्क निदान लिखित आहे. तमाशा कलावंताची स्थिती निराळी आहे. हंगाम साधारणतः दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा असतो. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारखा आधार मिळू शकतो. परंतु बुडालेल्या सुपाऱ्यांची भरपाई त्यातून होत नाही आणि फडमालकाकडून घेतलेली उचल डोक्यावर राहते. परिणामी पाय पुरता बरा होण्यापूर्वीच तो बोर्डावर ठेवणे भाग पडते. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांची प्रयोगादरम्यान प्रसूती झाली व त्या पुन्हा नाचण्यास उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात कौतुकाने सांगितली जाते. त्या धैर्याचा गौरव योग्यच आहे. परंतु विश्रांती अशक्य करणाऱ्या व्यवस्थेची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते.

समारोप

सुधा चंद्रन यांच्या उदाहरणातून पुनर्वसनाचे तीन आधार स्पष्ट होतात. गुडघा शाबूत होता, कामाला साजेसे साधन उपलब्ध होते आणि अपघातापासून पुनरागमनापर्यंत सुमारे पावणेतीन वर्षांचा अवधी मिळाला. यांपैकी पहिली बाब दैवाधीन म्हणता येईल. उरलेल्या दोन समाजाने निर्माण करावयाच्या आहेत. साधनांच्या बाबतीत पुणे परिसर दरिद्री नाही. सैनिकांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र पुण्यातच आहे. उणीव आहे ती वेळेची, म्हणजेच बरे होण्याच्या काळातील उत्पन्नाची. कारखान्यातील कामगारासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते त्याच महामार्गावरील नर्तकीला लागू करणे हाच या उदाहरणाचा व्यावहारिक बोध होय.