शिध्याचे अंदाजपत्रक

घरखर्चाच्या वहीत भाड्याचा आकडा ठरलेला असतो, मुलांच्या शाळेची फी ठरलेली असते आणि कर्जाचा हप्ता तर चुकविताच येत नाही. महिनाअखेरीस ओढाताण झाली की कात्री लागते ती अन्नाला, कारण भाजी किंवा दूध कमी आणले म्हणून कोणी दारात येऊन तगादा लावत नाही. अन्नखर्चाचे अंदाजपत्रक मांडावयाचे ते यासाठी की, ताटातील कोणता पदार्थ कमी होऊ द्यावयाचा नाही हे आधीच ठरलेले असावे.

उत्पन्न जसजसे वाढते तसतसा एकूण खर्चातील अन्नाचा वाटा घटत जातो, असे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले. भारताचा अनुभवही तसाच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ५९ टक्के होता; २०२२-२३ मध्ये तो ४६ टक्क्यांवर आला. शहरांत तो ४८ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर उतरला. मात्र याहून मोठा बदल अन्नखर्चाच्या पोटात झालेला आहे. ग्रामीण खर्चातील तृणधान्यांचा वाटा याच काळात २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास आला. त्याला रेशनच्या धान्याचाही हातभार लागला. उलट पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांवर आता खेड्यातही दूधदुभत्याहून अधिक पैसा खर्च होतो. चहाच्या टपरीवरचा हा खर्च वहीत सहसा चढतच नाही.

अंदाजपत्रकाचा आरंभ रुपयांपासून न करता मापापासून करणे श्रेयस्कर. समजा, ग्रामीण भागात पाच माणसांचे एक कुटुंब आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार पात्र कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो, म्हणजे २५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण ग्रामीण भागातील धान्याचा सरासरी वापर दरमहा माणशी साडेनऊ किलोंच्या आसपास आहे, तेव्हा जवळजवळ निम्मे धान्य बाजारातूनच आणावे लागते. डाळ रोज माणशी ५० ग्रॅम धरली तर महिन्याला साडेसात किलो होते. तेल २० ग्रॅम धरले तर तीन किलो. ही मापे एकदा लिहिली की भाव वाढला किंवा उतरला तरी केवळ गुणाकार बदलतो, गरज बदलत नाही.

साठवणुकीच्या वस्तूंना निराळा न्याय लावावा लागतो. उत्तर भारतात रबीचे पीक निघताच अनेक कुटुंबे काही महिन्यांचा गहू एकदम भरतात, दक्षिणेत उन्हाळ्यात चिंच आणि मिरची भरून ठेवतात. सुगीत भाव उतरलेले असतात, हे त्यामागचे साधे कारण. बंगालमधील रोजच्या मासळीबाजाराला ही युक्ती लागू पडत नाही, भाजीलाही नाही. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोने अनेक शहरांत किलोला शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली होती. अशा नाशवंत जिनसांसाठी वस्तू न ठरविता आठवड्याची रक्कम ठरवावी आणि तेवढ्यात जे बेताचे मिळेल ते घ्यावे. आंबटपणाच हवा असेल तर चिंच किंवा ताक काय वाईट?

येथवरचे सारे, महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार हाती पडणाऱ्यांसाठी झाले. ज्याला मजुरी रोज किंवा आठवड्याला मिळते, त्याला महिन्याची यादी एकदम भरणे शक्य नसते. तो तेलाची लहान पिशवी आणि पावशेर डाळ आणतो. सुट्या आणि लहान मापाच्या खरेदीत किलोमागे दर बहुधा अधिक पडतो, आणि उधारी असेल तर दुकान बदलण्याची सोयही राहत नाही. ज्याच्यापाशी कमी आहे, त्यालाच महाग घ्यावे लागते. अशा घराचे अंदाजपत्रक आठवड्याचेच असावे. मजुरीच्या दिवशी प्रथम डाळ आणि तेल, मग इतर. या शतकाच्या पहिल्या दशकात आंध्र प्रदेशातील स्त्रियांच्या बचतगटांनी तांदूळ घाऊक घेऊन सभासदांना हप्त्यांवर दिला. एकट्या घराला न परवडणारे माप अशा रीतीने त्यांच्या आवाक्यात आले.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वहीत आपोआप उतरत नाही. अनेक घरांत गृहिणी सर्वांच्या मागून जेवते, आणि जे कमी पडते ते तिच्याच वाट्याचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, ताट हे त्यांतील एक. म्हणून महिनाअखेरीस रुपयांच्या बेरजेबरोबर मापांचीही बेरीज करावी. साडेसात किलो डाळ मांडली असता घरात पाचच किलो आली असेल, तर उरलेली अडीच किलो कोणाच्या वाटीतून गेली याची नोंद वेगळ्या रकान्यात व्हावी, आणि तो रकाना घरातील इतरांनीही वाचावा.