लोणी, मार्जरिन आणि वजनाचा काटा

वजन कमी करायचं एकदा ठरलं, की पहिली कुऱ्हाड पडते ती लोण्या-तुपावर. चहातली साखर राहते, चहाबरोबरची खारी राहते, रविवारची कांदाभजी तर राहतातच राहतात. पण वरणभातावरची तुपाची धार मात्र त्याच दिवशी बंद होते. मग चार दिवसांत जीभ कुरकुरायला लागते आणि कुणीतरी सुचवतं, ‘अगं, बटर सोड आणि मार्जरिन आण. हलकं असतं म्हणे!’

मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथं मधल्या सुट्टीत आम्हा शिक्षिकांचे डबे उघडले की निम्म्या गप्पा वजनाच्याच असतात. तिथं हे ‘म्हणे’ इतक्यांदा कानावर आलं, की शेवटी एके दिवशी दुकानात एका हातात बटरचं पाकीट आणि दुसऱ्या हातात मार्जरिनचा डबा घेऊन उभी राहिले आणि मागची बारीक अक्षरं वाचून काढली. (मला अजून चष्मा लागलेला नाही, तरी डोळे बारीक करावे लागले. ज्यांना ही माहिती खरोखर हवी असते, त्या वयाच्या माणसांचा विचार छापणारे का करत नाहीत कोण जाणे!)

तर मैत्रिणींनो, आधी साधा हिशेब पाहू. कोणताही स्निग्ध पदार्थ घ्या, त्यातल्या एक ग्रॅम स्निग्धांशातून नऊ कॅलरी मिळतात. तो स्निग्धांश गाईच्या दुधातला आहे, शेंगदाण्यातला आहे की पामच्या फळातला, याच्याशी या नऊ कॅलरींना काही देणंघेणं नाही. बटरमध्ये कायद्यानं निदान ८० टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो. उरलेलं पाणी, थोडं मीठ. मार्जरिनमध्येही तेवढाच, साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, फक्त तो वनस्पती तेलाचा. म्हणजे दोन्हींच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ७२० कॅलरी, आणि सपाट भरलेल्या लहान चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅममध्ये, सुमारे ३६. वजनाच्या काट्याला या दोघी सख्ख्या बहिणी. एकीला घराबाहेर काढून दुसरीला घरात घेतल्यानं कंबरेचा घेर एक दोराही कमी व्हायचा नाही.

साजूक तुपात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्याच पाच ग्रॅमला ४५ कॅलरी. आणि तेलालाही तितक्याच! हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळजणी तूप बंद करतात आणि फोडणीत पळीभर तेल सढळ हातानं ओततात. तूप डोळ्यांना दिसतं म्हणून ते चोर ठरतं. तेल भाजीत मुरतं, पोळीच्या घडीत लपतं, आणि साव म्हणून सुटतं.

मग ‘हलकं असतं’ ही समजूत आली कुठून? याचं एक कारण म्हणजे बाजारात मार्जरिनच्या शेजारीच ‘फॅट स्प्रेड’ नावाचे डबे असतात. नियमाप्रमाणे यात स्निग्धांश ४० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत कितीही असू शकतो. ज्यात ४० टक्के आहे, त्याच्या कॅलरी बटरच्या जेमतेम निम्म्या भरतात, हे खरं. पण बाकीचं बहुतेक पाणी असतं आणि त्याचेही पैसे आपण मोजतो. शिवाय हे स्प्रेड पोळीवर, ब्रेडवर लावायलाच ठीक. तव्यावर टाकलं तर पाणी तडतडतं, आणि केकमध्ये घातलं तर केक बसतो. तेव्हा डब्यावर बटरचं चित्र, गव्हाची कणसं किंवा लाल बदाम काय वाटेल ते असो, आपण मागे ‘टोटल फॅट’पुढचा आकडा वाचावा.

हा झाला वजनाचा भाग. पण मार्जरिनच्या बाबतीत वजनापेक्षा मोठी गोष्ट काळजाची आहे, आणि ती जरा मागे जाऊन सांगायला हवी.

मार्जरिनचा जन्मच काटकसरीपोटी झाला. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला सैन्यासाठी आणि गोरगरिबांसाठी लोण्याऐवजी काहीतरी स्वस्त हवं होतं. १८६९ साली मेज-मूरिएस नावाच्या रसायनतज्ज्ञानं ते बैलाच्या चरबीपासून करून दाखवलं. पुढे १९०२ साली नॉर्मन या जर्मन शास्त्रज्ञानं तेलात हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं, आणि पातळ वनस्पती तेलापासून लोण्यासारखा गोळा करण्याची वाट मोकळी झाली. अमेरिकेत तर दूधवाल्यांनी असा आरडाओरडा केला, की कितीतरी राज्यांत मार्जरिनला पिवळा रंग द्यायलाच बंदी होती. मग कंपन्या पांढरा गोळा आणि सोबत रंगाची पुडी वेगळी देत. तिकडच्या बायका ओट्याशी उभ्या राहून तो रंग गोळ्यात मळत बसायच्या. नवऱ्यामुलांना पिवळं लागतं ना!

आपल्याकडे याच कृतीनं आलं ते वनस्पती तूप. १९३०च्या दशकात मुंबईत शिवडीला कारखाना निघाला, आणि १९३७ साली बाजारात आलेलं ‘डालडा’ हे नाव इतकं रुळलं, की पुढे कोणत्याही वनस्पती तुपाला आपण डालडाच म्हणू लागलो. आमच्या आजोळी त्याच्या पिवळ्या डब्यांत डाळी असायच्या आणि एकात तुळस. चिरोटे, शंकरपाळे, लग्नातले बुंदीचे लाडू, सगळं त्यातच. साजूक तुपात कुणी ते मिसळलं तर ओळखू यावं, म्हणून वनस्पतीत तिळाचं तेल घालण्याची कायद्यानं सक्ती केली होती. तिळाच्या तेलाचा अंश असला की प्रयोगशाळेतल्या चाचणीत लाल रंग येतो आणि भेसळ उघडी पडते.

पण तेल असं अर्धवट घट्ट करताना त्यात ‘ट्रान्स फॅट’ नावाचा एक प्रकार तयार होतो, आणि तो काय करतो हे कळायला फार वर्षं गेली. १९९० साली हॉलंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ट्रान्स फॅटमुळे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कमी होतं. १९९३ साली अमेरिकेतल्या सुमारे ८५ हजार परिचारिकांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खाण्यात हे ट्रान्स फॅट सर्वांत जास्त होतं, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाणही जास्त आढळलं. आणि हे ट्रान्स फॅट ज्या पदार्थांतून पोटात जात होतं, त्यांत मार्जरिन होतंच. विचार करा, काळजाला जपायचं म्हणून ज्या बायकांनी आवडतं लोणी सोडलं आणि मन मारून मार्जरिन खाल्लं, त्यांच्या वाट्याला हे यावं!

आता परिस्थिती बदलली आहे, हेही सांगायला हवं. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांतल्या आणि ती घालून केलेल्या पदार्थांतल्या कारखानी ट्रान्स फॅटवर, एकूण स्निग्धांशाच्या दोन टक्के अशी मर्यादा घातली आहे. तेव्हा आजचं मार्जरिन म्हणजे आजीच्या डब्यातलं वनस्पती नव्हे. पण म्हणून ते लोण्यापेक्षा गुणी ठरतं का? आपल्याकडे ते बऱ्याचदा पाम तेलापासून करतात, आणि पाम तेलात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त स्निग्धांशाचा असतो. लोण्यातही १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास तोच असतो. म्हणजे इथंही फारसं अंतर नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल शून्य’ लिहिलेलं असतं त्याला भुलू नये. वनस्पतीत कोलेस्टेरॉल नसतंच म्हटलं तरी चालेल. मग भोपळ्यावरही तसं लिहायला काय हरकत आहे?

ज्यांना हृदयविकार आहे किंवा रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. संपृक्त स्निग्धांश खरोखरच कमी असलेलं मऊ स्प्रेड त्यांना योग्य ठरू शकेल. रक्तदाब असेल तर खारं बटर नकोच, घरचं पांढरं लोणी बरं. पण ज्यांना नुसतं वजन उतरवायचं आहे, त्यांना मी तरी सांगेन की आवडतं तेच खा, फक्त मोजून खा. मनासारखं चमचाभर पोटात गेलं की समाधान होतं. मन मारून लावलेलं दोन चमचेही कमीच वाटतं.

मोजायचं कसं? बटरची १०० ग्रॅमची वडी आणली की कागद काढून सुरीनं तिच्यावर दहा सारख्या खुणा कराव्यात. एक खूण म्हणजे दहा ग्रॅम, अर्धी म्हणजे पाच. दोन स्लाइसना मिळून दोन खुणा लावल्या, तर सुमारे १४५ कॅलरी झाल्या, म्हणजे जवळजवळ त्या दोन स्लाइसच्या स्वतःच्या असतील तेवढ्याच! अर्ध्या-अर्ध्या खुणेवर भागवलं तर चव तीच आणि ७२ कॅलरी वाचल्या.

यापेक्षा मोठा हिशेब महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत दडलेला असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या आहाराला तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरलं आहे. चार माणसांचं घर धरलं तर महिन्याला सव्वातीन किलोच्या आत बसायला हवं. आता आपली यादी काढा. तेलाचा पाच लिटरचा डबा म्हणजे साडेचार किलो. वर किलोभर तूप, अर्धा किलो बटर. झाले सहा किलो! यात बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. असं असताना आपण भांडतोय कशावर, तर ब्रेडवरच्या चमचाभर लोण्यावर.

इथंच मला आमच्या मधल्या सुट्टीतली एक गोष्ट खटकते. एका मैत्रिणीच्या फ्रीजमध्ये हल्ली दोन डबे असतात. नवऱ्यासाठी आणि मुलांसाठी बटर, तिच्यासाठी मार्जरिन. ‘मला काय, चालतं!’ असं ती हसून म्हणते. खायचं मात्र तिलाच कसं दोन्हीकडून होतं पाहा. मुलानं अर्धी टाकलेली बटर लावलेली पोळी तीच संपवते, कारण अन्न टाकवत नाही. भाजीची चव तीच बघते. रात्री पातेल्याच्या तळाशी राहिलेला तुपातला शिरा, ‘एवढासाच तर आहे’ म्हणून तोही तिच्याच पोटात जातो. वजन कमी करायच्या नावाखाली तिच्या ताटातून गेलं ते तिच्या आवडीचं, आणि राहिलं ते सगळ्यांचं उरलेलं. त्यापेक्षा मुलांनाच आधी अर्धी पोळी वाढली, शिरा मोजून केला आणि बटरची वडी सगळ्यांना एकच ठेवली, तर काय बिघडेल? चाळिशीकडे झुकलेल्या नवऱ्याच्या पोटालाही ते मानवेल. पण पुरुषाच्या पोटाला आपल्याकडे ‘भरलेलं अंग’ म्हणतात, हे मी विसरलेच!

घरात एवढं जपताना बाहेरच्याकडेही लक्ष हवं. बेकरीची खारी, पफ, नानकटाई यांत बहुधा लोणी नसतं, बेकरीचं मार्जरिन किंवा वनस्पती असतं. खारीचे पापुद्रे सुटतात तेच मुळी थराथरांत लावलेल्या स्निग्धांशामुळे. ती हाताला हलकी लागते, हिशेबाला नाही. पाकीटबंद मालावर ‘एडिबल व्हेजिटेबल फॅट’ असे शब्द असले तर ते लोणी नव्हे हे ओळखावं. सुट्या मालाच्या बाबतीत बेकरीवाल्याला सरळ विचारावं, त्यात लाजायचं काही कारण नाही. पावभाजीच्या गाडीवर तव्यावर पडणारा पिवळा गोळाही लोण्याचाच असेल असं धरून चालू नये. पाव कमी मस्क्यात भाजायला सांगता येतो आणि भाजीवर वरून घालू नको म्हटलं तर गाडीवाले ऐकतात.

जाता जाता एक साधी गोष्ट. फ्रीजमधलं दगडासारखं बटर तसंच लावायला गेलं की ब्रेड फाटतो आणि मग जाड तुकडेच्या तुकडे वर ठेवले जातात. सकाळी उठल्या उठल्या, चहाचं आधण ठेवायच्या आधी, लागेल तेवढाच तुकडा काढून वाटीत झाकून ठेवावा. डबे भरायची वेळ येईपर्यंत तो मऊ होतो, आणि जे बटर दोन स्लाइसना लागायचं ते चार स्लाइसना सहज पुरतं. भर उन्हाळ्यात मात्र दहा मिनिटं पुरे, नाहीतर वाटीत नुसतं पिवळं पाणी दिसेल.